बक्षीसपत्रातील एक अट

खानापूर-आटपाडी भागातील कर्ती मुले सोनेचांदीच्या गलाईसाठी परमुलखात जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि घर. मग एखाद्या दिवाळीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बक्षीसपत्र होते आणि म्हातारा स्वतःच्याच घरात पाहुणा ठरतो. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. नोंदलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून फिरवता येत नाही. (पगाराच्या कराराची ओळ न् ओळ वाचून घेणारा कामगार घरच्या कागदावर मात्र डोळे मिटून अंगठा उठवतो!)

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाने एक वाट ठेवली आहे. साठीच्या पुढील माणसाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर प्रांतांपुढील न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. मात्र अट हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सुदेश छिकारा खटल्यात बजावले. २०२५ साली उर्मिला दीक्षित खटल्यात आईला घर परत मिळाले. तेथे बक्षीसपत्रात सांभाळाचा उल्लेख होता आणि मुलाचे वेगळे वचनपत्रही होते.

तेव्हा दस्त लिहिणाऱ्याला स्पष्ट सांगावे: अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि याच घरात तहहयात राहण्याचा हक्क, या अटीवर देत आहे, असे लिही. मुलगा रुसेल, रुसू द्यावा.