दान घेऊन आलेला वैरी

एका विलायती कथेवरून आमच्या घरांत दोन पक्ष पडले आहेत आणि त्यांचा तंटा अद्याप मिटलेला नाहीं. इ. स. २०२२ च्या सप्टेंबरांत ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका ॲमेझॉनवर सुरू झाली. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं तरुण मंडळी माजघरांत ती लावून बसत. आम्ही प्रथम कानांनीं व पुढें डोळ्यांनींहि त्यांत सामील झालों. पहिल्या पर्वाच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या भागांत असा उलगडा होतो कीं, नायिका गॅलाड्रिएल हिला भर समुद्रांत तराफ्यावर भेटलेला आणि तिनें एका राज्याचा वारस समजून पुढें आणलेला हालब्रँड हा तिचा हाडवैरी सौरॉनच होय. मग हा वैरी तिला आपली राणी होण्याची विनंती करितो! आमच्या नातीच्या डोळ्यांस पाणी आलें. “आजोबा, त्याचें तिच्यावर खरोखर प्रेम होतें,” हा तिचा पक्ष. “ज्यानें सख्खा भाऊ मारला त्याचें कसलें प्रेम?” हा आमच्या धाकट्या बंधूंचा. निवाडा आमच्याकडे आला. मूळ ग्रंथ पाहिल्यावांचून मत देऊं नये ही मास्तरकीची जुनी खोड. तेव्हां कोश उशाशीं घेऊन आम्ही वाचावयास बसलों. मॅट्रिकपुरत्या इंग्रजीवर तो डोंगर चढावयास दीड वर्ष लागलें.

या कथेचे कर्ते प्रो. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डचे प्राचीन भाषांचे अध्यापक. यांनीं आधीं भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारीं माणसें निर्माण केलीं, हें वाचून आमच्यासारख्या व्याकरणाच्या उपासकास किती आनंद झाला असेल हें सांगावयास नको. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांत १९५४–५५ सालीं निघाला. पूर्वयुगांतील कथांचे संग्रह त्यांच्या मागें चिरंजीव क्रिस्तोफर यांनीं संपादून १९७७ व १९८० सालीं छापले. या साऱ्यांत हालब्रँड नांवाचा कोणीहि नाहीं. तो मालिकाकारांच्या पदरचा. मुख्य ग्रंथांत तर हीं दोघें एकदांहि समोरासमोर येत नाहींत.

तरीहि त्यांचें नातें आहे, आणि तें मालिकेंतल्यापेक्षां खोल आहे. गॅलाड्रिएल ही एल्फ जातीची. एल्फ म्हणजे दीर्घायुषी, कलाकुशल, आपल्या गंधर्व-विद्याधरांच्या पंगतीस बसवावे असे लोक. सौरॉन त्यांहून वरच्या योनींतला, देवांच्या परिवारांतील एक. शिल्पाचा देव जो औले, त्याच्या हाताखालीं तो मूळचा कारागीर. आणि १९८० च्या ग्रंथाप्रमाणें गॅलाड्रिएलहि औलेचीच शिष्या होती. म्हणजे एका गुरूच्या घरचीं हीं दोघें. पुढें एक अधर्माकडे गेला. परंतु तो प्रथम गेला कशानें? द्वेषानें नव्हे. टॉल्किन सांगतात कीं, त्याला व्यवस्थेची आवड होती. गोंधळ, विलंब, शक्तीचा अपव्यय त्याला खपत नसे. हें वाक्य वाचून आम्हीं पुस्तक मिटलें व अंगणांत एक फेरी मारून आलों. ज्यानें छत्तीस वर्षें वर्गांत शिस्त राखली, त्याला तें जरा झोंबलें.

भावाची गोष्टहि खरी आहे. तिचा ज्येष्ठ बंधु फिन्रॉड हा सौरॉनशीं मंत्रगीतांचें द्वंद्व खेळला, हरला आणि त्याच्याच गढीच्या तळघरांत, एका मानवमित्राला वांचवितांना, लांडग्याशीं झुंजत मेला. आमच्या बंधूंची बाजू येथें बळकट होते.

आतां मुख्य प्रसंग. दुसऱ्या युगांत सौरॉन सुंदर रूप घेऊन एरेगियॉन येथील एल्फ कारागिरांकडे आला. तेव्हां त्यानें नांव घेतलें ॲनाटार, म्हणजे दानपति. आपला रावण भिक्षा मागावयास आला होता. हा द्यावयास आला. आमच्या मतें कपटाचा हा प्रकार अधिक घातक, कारण मागणाऱ्यास मनुष्य दारांतून परत लावूं शकतो, पण देणाऱ्यापुढें संकोचतो. केलेब्रिम्बॉर हा थोर शिल्पी भुलला आणि आंगठ्या घडूं लागल्या. गॅलाड्रिएल भुलली नाहीं. औलेच्या परिवारांत असा कोणी आपण पाहिला नव्हता, हें तिचें म्हणणें. (शेजारच्या गांवचा शिष्य म्हणवून आलेल्यास आम्हीहि असेंच विचारीत असूं: त्या सालीं गुरुजींच्या वर्गांत कोण कोण होतें?) ही बाईच आपली मुख्य अडचण होणार, हें त्यानें ओळखलें, आणि तो रागावला नाहीं. तिचा तिरस्कार त्यानें अत्यंत सौजन्यानें सोसला, आर्जव चालूंच ठेवलें, आणि मागच्या मागें कारागिरांना तिच्याविरुद्ध उठविलें. एका पाठाप्रमाणें तिला तें नगर सोडून जावें लागलें. नातीला आम्हीं एवढेंच दाखविलें कीं, ज्या सौजन्यास ती प्रेम म्हणते तें मूळ ग्रंथांतहि आहे, आणि तें कशासाठीं आहे तेंहि तेथेंच लिहिलें आहे. तिला तें पटलें नाहीं. “पण आजोबा, तिच्या मनांत काय होतें तें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणाला कळलें होतें?” असें ती म्हणाली, आणि येथें आम्हांला थांबावें लागलें.

कारण तिचें म्हणणें खरें होतें. पुढें हजारों वर्षांनीं, लोथलोरियनच्या वनांत, ती फ्रोडो या आंगठी वाहणाऱ्या लहानग्या वीराशीं बोलते. त्या काळोखाच्या धन्याचें मन आपण पाहूं शकतों आणि तो आपलें मन पाहण्यासाठीं चांचपडत असतो, पण तें दार अद्याप बंद आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. एका दाराच्या दोन बाजूंस दोघें अखंड जागीं! नवराबायकोंतहि इतकी जागरूकता विरळा. याच प्रसंगीं फ्रोडो ती सर्वसत्ताधारी आंगठी तिला आपण होऊन देऊं करितो. ती मान्य करिते कीं, ही हातीं आली तर काय करावें, याचा विचार आपण वर्षानुवर्षें केला आहे. क्षणभर ती वाढते, तेजानें भयंकर दिसते. काळोख्या सम्राटाच्या जागीं एक देखणी सम्राज्ञी, इतकाच काय तो फरक. मग ती हंसते आणि पुन्हां लहान होते. आपण मोह ओलांडला, आतां आपण क्षीण होऊं, हें ती कबूल करिते. जवळ उभा असलेला सॅम नांवाचा माळी भोळेपणानें म्हणतो कीं, तुम्ही ती घेतली असती तर सारें नीट केलें असतें. आरंभ तसाच झाला असता, पण तेवढ्यावर तें थांबलें नसतें, असें ती त्याला बजावते.

ही जागा आम्हीं तीनदां वाचली. आमच्या एका पुतण्याला चित्रकला शिकावयाची होती. घरचें कर्तेपण आमच्याकडे. त्याच्या भल्याकरितां आम्हीं त्याला वाणिज्य शाखेंत घातलें. तो आज सुस्थितींत आहे, आमच्या पायांवर डोकें ठेवतो. परंतु त्याची रंगांची पेटी त्या वर्षानंतर घरांत कोणास दिसलेली नाहीं. त्याच सुमारास नातीचा महाविद्यालयाचा अर्ज आमच्या मेजावर सहीसाठीं पडून होता. शाखा आमच्या मनाजोगती नव्हती, आणि समजावणीचीं चार वाक्यें आम्हीं तयारहि ठेविलीं होतीं. अर्ज आम्हीं सही करून, एक शब्द न बोलतां, तिच्या हातीं दिला.

सौरॉनला तिचें मन कळलें होतें तें याच एका वाटेनें: तिच्या ठिकाणीं राज्य करण्याची जी हौस होती ती त्याच्या ओळखीची होती. मालिकेंत तो तिला जें देऊं करितो तें तिचेंच तिला परत देऊं करितो. दुसऱ्याच्या मनाचा कमकुवत कोपरा अचूक सांपडणें हें कौशल्य आहे. सावकारासहि तें असतें. आम्ही याला प्रेम म्हणावयास तयार नाहीं. परंतु बंधूंच्या मताप्रमाणें तें केवळ वैरहि नव्हे. तिच्या बोटांतील ‘नेन्या’ आंगठीस सौरॉनचा हात कधीं लागला नव्हता. तरी ती त्याच्याच विद्येनें घडलेली, म्हणून त्याच्या आंगठीशीं बांधलेली. तिच्या बळावर तिनें लोथलोरियनचें वन काळापासून राखलें. सौरॉनची आंगठी नष्ट झाली तर नेन्याचेंहि सामर्थ्य जाणार आणि तें वन ओसरणार, हें तिला ठाऊक होतें. तरी तिनें फ्रोडोला वाटेला लावलें. शत्रूचा नाश आणि आपल्या आयुष्याच्या उद्योगाचा नाश एकाच दिवशीं व्हावा, असें हें शत्रुत्व!

आंगठी नष्ट झाली ती तिसऱ्या युगाच्या ३०१९ व्या वर्षीं, २५ मार्चला. पुढें थोड्याच दिवसांत एल्फांची सेना नदी ओलांडून डोल गुल्दुर या सौरॉनच्या जुन्या गढीवर गेली. तिचे तट गॅलाड्रिएलनें पाडले आणि तळघरें उघडीं केलीं. ग्रंथांत ही हकीकत परिशिष्टांत एका ओळींत उरकली आहे. पण तिचा भाऊ मेला तें तळघरहि पूर्वीं लुथिएन नांवाच्या राजकन्येनें असेंच उघडें केलें होतें. ग्रंथकर्त्यानें या दोन गोष्टी जोडलेल्या नाहींत. आम्हांला त्या जोडल्यावांचून राहवत नाहीं.

टॉल्किन यांनीं १९७३ सालीं, आयुष्याच्या अगदीं शेवटच्या महिन्यांत, तिच्या पूर्वचरित्रांतील बंडखोरीचा डाग पुसून तिला निष्कलंक करावयास घेतलें होतें. वृद्धपणीं लेकीबाळींचे दोष दिसेनासे होतात, तसें कांहीं असावें. आम्हांला डागासकटच ती मान्य आहे. डाग नसता तर त्या वनांत तिला आंगठी नाकारावयास काय कष्ट पडले असते?

हा निवाडा आम्हीं एका रविवारीं माजघरांत वाचून दाखविला. दोन्ही पक्ष असंतुष्ट राहिले. २०२४ सालच्या दुसऱ्या पर्वांत सौरॉन तिच्यावर शस्त्र चालवितो, हा बंधूंनीं पुरावा काढला. तेव्हां त्याच्या डोळ्यांत काय दिसलें, हा नातीनें. इतक्यांत आमची गृहिणी ताक घुसळतां घुसळतां म्हणाली, “पण तिला नवरा होता ना? केलेबॉर्न कीं कोण. त्याचें काय झालें?” खरेंच, इतक्या दिवसांत त्या बिचाऱ्याचें नांव कोणीं काढलें नव्हतें. आम्हीं पुस्तक उघडून सांगितलें: ३०२१ सालीं ती जहाजांत बसून पश्चिमेस गेली, तो मागें राहिला, आणि तो अखेर बंदराकडे कोणत्या दिवशीं निघाला, याची नोंद नाहीं.