रोग्याचे हक्क आणि रोग्याचें कर्तव्य



मेथीची एक जुडी घेतांना जो गृहस्थ ती चार वेळां उलटून पाहतो, तोच गृहस्थ इस्पितळांत गेला म्हणजे समोर आलेल्या कागदावर न वाचतां सही करतो. यांत त्याचा भोळेपणा कमी व संकोच अधिक असतो. एवढ्या विद्वान माणसाला आपण काय विचारावें, असें त्यास वाटतें. हा संकोच अनाठायीं आहे, आणि कित्येकदां तो फार महाग पडतो, हें सांगण्यासाठीं आज मी आपणांपुढें आलों आहें.

मी वैद्य नव्हे आणि वकीलहि नव्हे. माझा सारा जन्म शाळामास्तरकींत गेला. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणावयास सांगितली, कीं पुष्कळ पालक तें न उघडतांच सही करून देत, हें मीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे. तेथें न वाचल्यानें फार तर मुलाचें गणित कच्चें राहील. इस्पितळांतील कागद न वाचल्यानें शरीराचा एखादा अवयव जाऊं शकतो.

ही अतिशयोक्ति नव्हे. १९९५ सालीं दिल्लींतील एक चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री पोटांतील विकाराची तपासणी करून घेण्यासाठीं एका दवाखान्यांत गेली. दुर्बिणीनें तपासणी करण्यास तिनें संमति दिली होती. ती भुलीच्या अमलाखालीं असतां बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेण्यांत आली, आणि तिचें गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यांत आले. जागी झाल्यावर तिला ही हकीकत कळली. तिचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व जानेवारी २००८ मध्यें निकाल लागला. न्यायालयानें सांगितलें, कीं तपासणीस दिलेली संमति ही उपचारास दिलेली संमति नव्हे; आणि रोगी सज्ञान व शुद्धीवर येण्याजोगा असेल, तर त्याच्याऐवजीं आईची संमति चालणार नाहीं. प्राण वांचविण्यासाठीं क्षणाचाहि विलंब करणें योग्य नसेल, तेवढाच काय तो अपवाद.

याच निकालांत खरी संमति कशास म्हणावें हेंहि स्पष्ट केलें आहे. उपचार कोणता, तो कशासाठीं, त्यापासून लाभ काय, त्याला दुसरा पर्याय आहे काय, त्यांत मोठा धोका कोणता, आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढें रोग्यास समजेल अशा भाषेंत सांगितल्यावर त्यानें जें ‘हो’ म्हणावें, ती संमति. कोऱ्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमति नव्हे.

दिल्लीची गोष्ट दूरची वाटेल, म्हणून आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहूं. ऊसतोडणीस जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस तिकडे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला, तर दंड भरावा लागतो. अशा स्थितींत पाळीचा त्रास म्हणजे मजुरीचा तोटा. २०१९ सालीं राज्य शासनानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत त्या जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांतील कांहीं शस्त्रक्रिया आवश्यक असतील. परंतु कित्येकींना ‘पिशवी काढली नाहीं तर कॅन्सर होईल’ एवढेंच सांगितलें गेलें होतें. दुसरा उपाय आहे का, हा एकच प्रश्न विचारण्याचें बळ त्यांच्यापैकीं किती जणींना मिळालें असतें? हक्क हा शब्द सुखवस्तु माणसांच्या वादविवादाचा नव्हे. त्याची खरी गरज अशा घरांना आहे.

दुसरा हक्क तांतडीच्या उपचाराचा. अपघातांत सांपडलेल्या माणसास ‘आधीं पोलिसांचा कागद आणा’ असें सांगून परत पाठविण्याची रीत पूर्वी सर्रास होती. १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं सरकारी असो वा खाजगी असो, प्रत्येक डॉक्टरानें प्रथम प्राण वांचवावा. कायद्याचे सोपस्कार मागाहून. पुढें १९९२ सालीं बंगालमधील एक शेतमजूर आगगाडींतून पडून डोक्यास जबर मार लागलेल्या स्थितींत कलकत्त्याच्या सरकारी इस्पितळांतून एकामागून एक फिरविला गेला. खाट नाहीं, सोय नाहीं, हेंच उत्तर. शेवटीं त्यानें खाजगी इस्पितळांत सतरा हजार रुपये खर्चून उपचार करून घेतले. १९९६ सालीं न्यायालयानें त्यास पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली, आणि वेळेवर उपचार मिळणें हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असें सांगितलें.

आपल्या राज्यांतील गरीब रोग्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सार्वजनिक न्यासाच्या धर्मादाय इस्पितळांनीं दहा टक्के खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवाव्या, अशी योजना २००६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें घालून दिली. ती मागणें म्हणजे भीक मागणें नव्हे.

तिसरा हक्क कागदपत्रांचा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणें रोग्यानें आपलीं कागदपत्रें मागितलीं, तर तीं ७२ तासांच्या आंत द्यावीं लागतात. तीं घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यास रोगी मोकळा आहे. त्यांत पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाहीं. महाराष्ट्रांतील खाजगी शुश्रूषागृहांनीं रोग्यांच्या हक्कांची सनद व दरांचा तक्ता दर्शनी भागीं लावावा, असा नियम २०२१ सालीं झाला. आपण तेथें गेलां म्हणजे तो तक्ता शोधा, आणि नसल्यास सौम्य शब्दांत विचारा.

आतां नाण्याची दुसरी बाजू. हक्क मागणाऱ्यानें कर्तव्याचा हिशेबहि चुकता केला पाहिजे.

पहिलें कर्तव्य सत्य सांगण्याचें. तंबाखू, दारू, मागील आजार, एखाद्या औषधानें अंगावर उठलेली पित्ताची गांधी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेला काढा, यांतलें कांहींएक डॉक्टरांपासून लपवूं नये. लाजेनें लपविलेली गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जिवावर बेतूं शकते. दुसरें कर्तव्य पथ्याचें व औषधाच्या मुदतीचें. क्षयाच्या साध्या प्रकारांतहि सहसा सहा महिने औषध घ्यावें लागतें. दुसऱ्या महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडणारा स्वतःच्या शरीरांत औषधास दाद न देणारे जंतु वाढवितो, आणि ते घरांतल्या लेंकरांनाहि देतो. तिसरें कर्तव्य असें, कीं रोग्याभोंवतीं दहा-बारा आप्तांनीं गर्दी करूं नये. डॉक्टरांशीं बोलण्यासाठीं एकच समंजस मनुष्य नेमावा.

चौथें कर्तव्य सर्वांत महत्त्वाचें. रोगी दगावला म्हणून डॉक्टरावर हात उगारूं नये. मार्च २०१७ मध्यें धुळ्याच्या सरकारी इस्पितळांत जमावानें एका तरुण निवासी डॉक्टरास मारहाण केली व त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. असा एक डॉक्टर जायबंदी झाला, म्हणजे दुसऱ्या दिवशीं रांगेंत उभ्या असलेल्या शेंकडों गरिबांना उपचार मिळत नाहींत. आपल्या राज्याच्या २०१० सालच्या कायद्यानें अशा हिंसेस तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि नासधुशीची दुप्पट भरपाई वेगळीच. उपचारास यश आलें नाहीं एवढ्यानें डॉक्टर निष्काळजी ठरत नाहीं, हेंहि सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं स्पष्ट केलें आहे. मृत्यूपुढें धन्वंतरीचेंहि चालत नाहीं, हें आपण जाणतोंच.

मग खरोखरच हयगय झाली असेल, तर काय करावें? त्यालाहि मार्ग आहे. कागदपत्रें हातांत घेऊन राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करतां येते. तसेंच १९९५ सालच्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखालीं येतात. तेथें दोन वर्षांच्या आंत दाद मागावी. दगडानें फुटलेली कांच काय ती फुटते. नीट लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावेंच लागतें.

शेवटीं, सवयीप्रमाणें थोडासा गृहपाठ देतों. घरांत एक वही घाला. तिच्यांत प्रत्येकाचे आजार, चालू औषधें व न सोसणारीं औषधें लिहून ठेवा. पहिल्या पानावर चार प्रश्न लिहा: मला काय झालें आहे? हा उपचार कशासाठीं? दुसरा उपाय आहे काय? अंदाजें खर्च किती? इस्पितळांत जातांना ती वही बरोबर न्या. आणि शेजारीं एखादी निरक्षर म्हातारी असेल, तर तिच्याबरोबर जाऊन तिचा कागद तिला वाचून दाखवा. अंगठा मग उठूं द्या. आपल्या साक्षरतेचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाहीं.