सोलापुरातून दिसणारी कागदाची पेठ : काही गैरसमज

कागदाचे दिवस भरले, असे भाकीत हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येते; आणि ज्या गावाहून दाते पंचांग शंभर वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या घरोघरी जात आले आहे, त्या सोलापुरातही ते ऐकावे लागावे, याची मौज वाटते. भाकीत करणाऱ्याच्या घरचे वर्तमानपत्र बंद झालेले असते, कचेरीतले दफ्तर संगणकात गेलेले असते. तेव्हा त्याचा तर्क निराधार नव्हे, केवळ एकदेशी आहे. जगात दरसाल सुमारे 40 कोटी टन कागद व पुठ्ठा तयार होतो आणि हा आकडा कोसळलेला नाही. कोसळला तो वृत्तपत्री कागद. या शतकाच्या आरंभी तो जेवढा निघत असे, त्याच्या निम्माही आज निघत नाही. परंतु त्याची उणीव वेष्टनाच्या कागदाने भरून काढली असून, एकूण उत्पादनाचा निम्म्याहून अधिक हिस्सा आता त्याचाच आहे. ज्या मोबाइलने वर्तमानपत्र घालविले, त्याच मोबाइलवरून मागविलेली वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून दारी येते. आणि सोलापुरी टॉवेल परदेशी रवाना होतात तेही खोक्यांतूनच. शिवाय भारतात माणशी वार्षिक खप जेमतेम 15 किलोंच्या आसपास आहे आणि जगाची सरासरी 50 किलोंच्या वर. म्हणजे आपल्याकडे तरी या धंद्याला ओहोटी लागण्याची चिन्हे नाहीत.

दुसरा समज असा की, रद्दीचा भाव गल्लीतला रद्दीवाला आपल्या मर्जीने ठरवितो. बिचाऱ्याला ते सामर्थ्य असते तर त्याने काटा हाती कशाला धरला असता! भारतीय कागद गिरण्यांचा मुख्य कच्चा माल रद्दीच आहे, आणि देशातली पुरत नाही म्हणून ती अमेरिका-युरोपातून जहाजाने येते. 2018 च्या आरंभी चीनने मिश्र रद्दीची आयात बंद केली आणि 2021 पासून तर सर्वच प्रकारच्या रद्दीला दार लावले; तेव्हा चिनी कारखाने रद्दीऐवजी खोक्यांना लागणाऱ्या तयार क्राफ्ट कागदाची रिळे भारतातून उचलू लागले, आणि देशभरचे खोकेवाले भाववाढीच्या नावाने ओरड करू लागले. बीजिंगमधील एका फर्मानाचे पडसाद आपल्या बाजारात उमटतात ते असे.

भिगवणचा दाखला याहून बोलका आहे. पुणे–सोलापूर लोहमार्गावर, उजनी धरणाच्या फुगवट्यालगत असलेला तेथील कारखाना मूळचा इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाचा; 2001 मध्ये तो बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे आला. गुळगुळीत आर्ट पेपर करणाऱ्या या कारखान्याचा लगदा परदेशातून येत आला आहे. उसाच्या मुलखात उभा, आणि अवलंबून सातासमुद्रांपलीकडच्या झाडांवर! त्यातच आसियान राष्ट्रांशी झालेला मुक्त व्यापाराचा करार 2010 पासून अमलात आला, तेथील कागदावरची जकात क्रमाने उतरत शून्यावर आली, आणि देशी कारखानदाराला घरातच परकी मालाशी झुंजावे लागले. बल्लारपूर इंडस्ट्रीज 2020 च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याला कर्जाचा बोजाही कारणीभूत होता, हे नमूद केले पाहिजे.

वहीचे पान फाडले की अरण्यातले झाड पडले, या समजुतीविषयी थोडकेच सांगतो. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने कागद गिरण्यांना आपले लाकूड शेतकऱ्यांकडून मिळविण्यास सांगितले, आणि आज आंध्रादी प्रांतांतील सुबाभूळ व निलगिरी हीच त्यांची मुख्य भिस्त आहे. लाकूड नको, रद्दीवरच भागवू म्हणावे, तर रद्दी अक्षय नाही. पाच-सात आवर्तनांत तिचे तंतू तुटून निकामी होतात आणि नवा तंतू घालावाच लागतो.

हा नवा तंतू आपल्याकडे ढिगांनी पडून आहे, तो म्हणजे उसाचे चिपाड, अशी सोलापूरकरांची जुनी समजूत आहे. आणि तीसहून अधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात ती व्हावी हे स्वाभाविकच. गाळलेल्या उसाच्या वजनात सुमारे तीस टक्के चिपाड निघते खरे, पण त्यात निम्मे पाणी असते. आणि ते पडून राहत नाही, कारखान्याचाच बॉयलर ते खातो व त्यावर झालेली जादा वीज विकली जाते. ते कागदाला द्यायचे तर बॉयलरला दुसरे जळण हवे. तमिळनाडू न्यूजप्रिंट या 1979 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने साखर कारखान्यांना जळण पुरवून मोबदल्यात चिपाड घेण्याचा तोडगा काढला. पण तो कारखाना कावेरीकाठी आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, म्हणून चिपाड वर्षभर ओले राखावे लागते, त्यातला भुसा वेगळा काढावा लागतो, आणि या प्रत्येक पायरीला पाणी लागते. जिल्ह्यात चिपाडाचा कागद व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी टनांचे आकडे मांडण्यापूर्वी उजनीतील पाण्यावर आधीच किती हक्कदार आहेत, याची चौकशी करावी.