तीन शेठ, एकवीस सरकारं

सरकारला फुकटचा सल्ला देणारे आपल्याकडे पानाच्या टपरीवरही भेटतात. प्रशांत महासागराच्या काठावर मात्र त्यासाठी रीतसर नेमणूक होते. १९८९ मध्ये कॅनबेरात सुरू झालेल्या आणि आज २१ सदस्य असलेल्या 'अपेक' या आर्थिक गटाच्या नेत्यांनी १९९५ मध्ये ओसाकात उद्योजकांचं कायमचं सल्लागार मंडळच स्थापन केलं. नाव 'अबॅक', सचिवालय मनिलात.

जागा प्रत्येकी जास्तीत जास्त तीन. चीनला तीन आणि जेमतेम साडेचार लाख वस्तीच्या ब्रुनेईलाही तीनच! मंडळ वर्षातून चारदा बसतं, अहवाल लिहितं आणि शिखर परिषदेच्या वेळी थेट राष्ट्रप्रमुखांपुढे गाऱ्हाणं मांडतं. ऐकायचं की नाही, ही नेत्यांची मर्जी. अपेकचे स्वतःचे निर्णयही कुणावर बंधनकारक नसतात, मग सल्लागारांनी रुसायचं कशाला?

तैवानची गंमत वेगळीच. चीनच्या हरकतीमुळे तिथले अध्यक्ष शिखर परिषदेला जाऊ शकत नाहीत. दूत पाठवावा लागतो. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत राष्ट्रप्रमुखांच्या रांगेत ९२ वर्षांचे मॉरिस चँग बसले होते. 'टीएसएमसी' या चिप कंपनीचे संस्थापक! इतर उद्योजक नेत्यांना सल्ला देतात, इथे उद्योजकच नेत्याच्या खुर्चीत.

उद्योजकांच्या हाती खरोखर काय लागलं? एक कार्ड. धंद्यासाठी फिरताना दर देशाच्या वकिलातीत खेटे घालणं नको, ही त्यांची जुनी ओरड. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्सने 'अपेक बिझनेस ट्रॅव्हल कार्ड' चाचणीसाठी काढलं. अर्ज आपल्याच देशात करायचा. बाकीचे देश आपापली तपासणी करून आधीच होकार देतात. ज्यांनी होकार दिला त्यांची नावं तीन-तीन अक्षरांत कार्डाच्या मागे छापलेली. मग वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश, विमानतळावर वेगळी रांग. मुदत पाच वर्षं, आता मोबाइलवरही मिळतं. अमेरिका आणि कॅनडा मात्र फक्त रांगेची सवलत देतात, व्हिसा लागतोच.

याउलट २००४ मध्ये अबॅकने मोठा घास मागितला: सगळ्या अपेक गटाचा एकच मुक्त व्यापार करार. २००६ मध्ये हनोईत नेते म्हणाले, अभ्यास करू. २०१४ मध्ये बीजिंगमध्ये आराखडा झाला, २०१६ मध्ये लिमात जाहीरनामा. २०२४ मध्ये पुन्हा लिमातच, विषयाकडे 'नव्याने पाहू' असं ठरलं. करार अजून नाही. माझं मत विचाराल तर सरकारकडे खिशात मावेल एवढंच मागावं.

भारत अपेकचा सदस्य नाही. इच्छा जुनी आहे, पण १९९८ मध्ये पेरू, रशिया आणि व्हिएतनाम आत आले आणि तेव्हापासून नवा सदस्य घेतलेला नाही. तेव्हा चाकणहून मेलबर्नला निघालेल्या कारखानदारांनी व्हिसाचा अर्ज वेळेत भरावा.