डोळे मिटा, सरस्वती कशी दिसते?

डोळे मिटा आणि सरस्वती आठवा. गोरा रंग, साडी, हातात वीणा, बाजूला मोर… आली ना समोर? आता सांगा, हा चेहरा आपल्या डोक्यात बसवला कोणी? पोथीत तर फोटो नसतात!

बसवला राजा रवी वर्मांनी. माणूस केरळचा, राजेरजवाड्यांसाठी तैलचित्रं काढणारा. पण १८९४ मध्ये त्यांनी गिरगावात लिथोग्राफीचा छापखाना काढला आणि महालातलं चित्र चाळीतल्या खोलीत पोचलं. ज्यांना देवळाची पायरीही चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देव आला. नंतर हा प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, रवी वर्मांनी तो एका जर्मन माणसाला विकूनही टाकला. चित्रं मात्र छापली जातच राहिली.

याच प्रेससाठी पुढे जे.जे.मध्ये शिकलेल्या एका माणसाने काम केलं. नाव धुंडिराज गोविंद फाळके. होय, तेच दादासाहेब! ३ मे १९१३ला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तोही गिरगावातच, कोरोनेशनमध्ये.

आता कोणाचा प्रभाव जास्त? फाइन आर्टवाल्यांना विचाराल तर रवी वर्मा, आम्हा मासकॉमवाल्यांना विचाराल तर अर्थातच फाळके. पण खरं सांगायचं तर आपल्या नजरेवरची पकड रवी वर्मांचीच. आजही कॅलेंडर, लग्नपत्रिका, पौराणिक मालिका, सगळीकडे त्यांच्याच देवी फिरतायत. त्याची किंमतही आपण मोजतोय बरं का! देवी म्हटलं की गोरीच, उजळ घरातल्या बाईसारखीच दिसणार, हे इतकं पक्कं झालंय की सावळी लक्ष्मी कोणी रंगवली तर आपल्यालाच ती ‘वेगळी’ वाटते.

फाळक्यांचा प्रभाव भिंतीवर दिसत नाही. तो शोधावा लागतो कामात. सिनेमात काम करायला बाईच मिळेना, म्हणून तारामती झाले साळुंके नावाचे गृहस्थ. (१९१७च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच!) घरी पत्नी सरस्वतीबाई दागिने गहाण ठेवत होत्या, फिल्मला भोकं पाडत होत्या, युनिटचा स्वयंपाकही करत होत्या. वीणा घेतलेली सरस्वती सगळ्यांना माहीत, या सरस्वतीबाई किती जणांना माहीत आहेत?

‘हरिश्चंद्र’नंतर लगेच आला ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई अशा दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. नाटक-सिनेमात काम करणारी बाई म्हणजे चारचौघांत नाव घ्यायची सोय नाही, असा तो काळ. या कमलाबाई म्हणजे कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा आणि विक्रम गोखले नातू.