बुडालं किती, सांडलं किती

बसा पोट्टेहो, जरा सरकून बसा. आपल्या वरूड-मोर्शीकडं आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली, की व्यापारी बागेत येतो. एक फळ तळहातावर हलकंसं झेलतो आणि म्हणतो, "हे पोकय आहे."

काल अकोल्याहून आलेल्या आपल्या बंड्यानं विचारलं, "आबा, न सोलता त्याले कसं समजते?"

म्हटलं, "जाय, आजीपासून गंज आन, परात आन, अन् तो मापाचा पेला आन."

परातीत गंज ठेवला, काठोकाठ भरला. थेंब गळायचे थांबल्यावर परात पुसून घेतली, मग संत्रं अलगद पाण्यावर सोडलं. ते तरंगलं, पाणी सांडलं. मोजलं तर १५० मिली. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, म्हणून संत्रं भरलं १५० ग्रॅम. तराजू न लावता वजन झालं!

"आता बोटानं दाबू?" बंड्याची घाई.

"बोट नाही. बोट बुडालं, तर त्याचंही माप त्यात येईल."

मग आजीच्या विणायच्या सुयांनी संत्रं पुरतं बुडवलं. आणखी ३० मिली सांडलं. एकूण १८०. हे झालं आकारमान. गोल, चपटं, डेखाकडं उंचवटा असलेलं फळ, पट्टीनं मोजता आलं असतं का? पाण्याला आकाराशी देणंघेणं नाही, जेवढी जागा घेतली तेवढं ते सांडतं.

१५० भागिले १८०, म्हणजे ०.८३. ही संत्र्याची घनता. पाण्याची १. म्हणून ते तरंगतं, सहातले पाच हिस्से पाण्याखाली ठेवून. मग सोललं. एक फोड पाण्यात टाकली, ती सरळ तळाशी! रस पाण्याहून थोडा जड. तरंगवत होती ती सालीतली आणि सालीखालच्या पोकळीतली हवा.

आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "माही पाटली नका टाकू त्यात!" टाकली तरी सांडणार किती? सोनं पाण्याच्या १९.३ पट जड. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम शुद्ध सोन्याला जेमतेम ०.६ मिली जागा लागते. तांबं मिसळलं, की तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीजनं राजाच्या मुकुटातली भेसळ याच हिशेबानं पकडली, असं सांगतात.

व्यापारीही हाच भागाकार करतो, फक्त तळहातावर. डोळा आकारमान मोजतो, हात वजन.

बंड्यानं मग टोपल्यातली चार संत्री बादलीत सोडली, ओणवं होऊन न्याहाळली आणि सगळ्यांत खोल बुडालेलं उचललं.

"आबा, हे माह्यं!"