तपासणी-सूची आणि सवय : बेडफर्ड विमान अपघाताचा अन्वयार्थ

प्रस्तावना

अपघात अज्ञानातून घडतात, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभवी माणसांच्या हातून घडलेले अपघात मात्र वेगळाच प्रश्न उपस्थित करतात. माहीत असलेली गोष्ट करावयाची का राहून जाते? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१४ साली उड्डाणाच्या वेळी झालेल्या एका छोट्या जेट विमानाच्या अपघाताच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

घटना

३१ मे २०१४ रोजी रात्री बेडफर्ड येथील हॅन्सकम फील्ड विमानतळावरून एक गल्फस्ट्रीम जी-४ विमान अटलांटिक सिटीकडे निघाले. विमानात चार प्रवासी व तीन कर्मचारी होते. सुमारे २,१०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर विमानाने वेग घेतला. परंतु त्याचे नाक वर उचलले गेले नाही. धावपट्टी ओलांडून ते पलीकडील खोलगट भागात जाऊन कोसळले व पेटले. सातही जण मृत्युमुखी पडले.

कारणमीमांसा

विमान उभे असताना वाऱ्याच्या झोताने सुकाणू व इतर नियंत्रण-पृष्ठे हिसकली जाऊ नयेत म्हणून ती 'गस्ट लॉक' नावाच्या खिळीने जखडून ठेवतात. इंजिने सुरू करण्यापूर्वी ही खीळ सोडणे आवश्यक असते. त्यानंतर नियंत्रणे सर्व दिशांना पूर्ण फिरवून पाहावयाची असतात. या चाचणीस काही सेकंदच लागतात. त्या रात्री खीळ सुटलेली नव्हती आणि ही चाचणीही झाली नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१५ साली तपासाचे निष्कर्ष जाहीर केले. विमानातील नोंदींनुसार आधीच्या १७५ उड्डाणांपैकी केवळ दोन वेळा ही चाचणी पूर्ण व १६ वेळा अर्धवट झाली होती. म्हणजेच त्या रात्रीची चूक ही अपवाद नसून नित्याचा परिपाठ होता. दोन्ही वैमानिक सुमारे बारा वर्षे एकत्र उड्डाण करीत होते. दीर्घ सहवासाने परस्परांवरील विश्वास वाढतो; त्याचबरोबर परस्परांची तपासणी करण्याची वृत्ती क्षीण होऊ शकते.

यंत्ररचनेतही दोष होता. खीळ लागलेली असताना थ्रॉटल सहा अंशांपेक्षा पुढे सरकू नये, अशी योजना अपेक्षित होती. प्रत्यक्षात तो त्याच्या तीन ते चार पट सरकत होता. विमानाला प्रमाणपत्र देताना हा दोष लक्षात आला नव्हता. खीळ लागलेली असल्याचे वैमानिकाच्या लक्षात आल्यानंतरही सुमारे अकरा सेकंदांच्या आत उड्डाण रद्द केले असते, तर विमान फरसबंद भागातच थांबू शकले असते, असे मंडळाच्या विश्लेषणात आढळले.

ऐतिहासिक संदर्भ

या अपघाताला एक विलक्षण पूर्वपीठिका आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे 'मॉडेल २९९' हे विमान उड्डाण करताच कोसळले. त्याही वेळी नियंत्रण-पृष्ठांची खीळ सोडावयाची राहून गेली होती. स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे आहे, हा धडा घेऊन त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी तपासणी-सूची रूढ झाली. ज्या विस्मरणातून ही सूची जन्माला आली, त्याच विस्मरणाने ७९ वर्षांनंतर पुन्हा बळी घेतले.

निष्कर्ष

सूची अस्तित्वात असणे आणि ती पाळली जाणे यांत अंतर असते. हे अंतर एका दिवसात पडत नाही. एकदा गाळलेली पायरी निर्धोक ठरते, दुसऱ्यांदा ती गाळणे सोपे जाते आणि पुढे गाळणे हीच रीत होते. अमेरिकेतील नॅशनल बिझनेस एव्हिएशन असोसिएशनने २०१६ साली १,४३,७५६ उड्डाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे १८ टक्के उड्डाणांपूर्वी ही चाचणी अपूर्ण होती किंवा झालीच नव्हती. याचाच अर्थ बेडफर्डचे वैमानिक एकटे नव्हते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळा, अग्निशमन साधनांची पाहणी, परीक्षाकार्य अशा क्षेत्रांतही सूचीवरील स्वाक्षरी ही प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकते. अपघात न होणे हा तपासणी झाल्याचा पुरावा नव्हे, हा या घटनेचा बोध होय.